उतारवयातील दुभत्या शेळीची निगा

संगमनेर तालुक्यातील एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे संगमनेरी जातीची, सुमारे नऊ वर्षे वयाची शेळी असून तिची सात वेते झाली आहेत. शेवटच्या वेताला दहा महिने उलटले तरी ती रोज अर्धा लिटरच्या आसपास दूध देते. गेल्या पावसाळ्यापासून मात्र खाणे टिकून असूनही ती वाळत चालली आहे, चघळलेल्या वैरणीचे ओलसर गोळे तोंडातून खाली टाकते आणि सकाळी उठताना पुढचे पाय अवघडल्यासारखे टाकते. शेजारचे लोक ‘वय झाले, बाजार दाखवा’ असे म्हणतात. घरच्यांना ती विकायची नाही. तिला आणखी एकदा बोकड दाखवावा का आणि पुढे तिची काळजी कशी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वाळणे, चोथा टाकणे आणि लंगडणे या तिन्ही गोष्टींवर ‘म्हातारपण’ असा शिक्का मारून मोकळे होऊ नये. चांगली निगा असेल तर शेळी बारा वर्षांपर्यंत आणि काही वेळा त्याहून अधिक जगते. त्यामुळे नवव्या वर्षी ती वाळत असेल, तर त्यामागे शोधता येण्याजोगे कारण असते, आणि अशी कारणे बहुतेक वेळा तीन-चार ठिकाणीच सापडतात: दाढा, जंत, सांधे व खूर, आणि एखादा दीर्घकाळ चालणारा रोग. यांपैकी पहिल्या तीन बाबतींत बरेच काही करता येते. चौथ्या बाबतीत फारसे करता येत नाही, पण तो रोग वेळीच ओळखला तर कळपातील इतर जनावरे वाचवता येतात.

आपल्या वर्णनातील सर्वांत बोलके लक्षण म्हणजे चोथ्याचे गोळे. शेळीचे वय आपण खालच्या जबड्याच्या पुढच्या आठ दातांवरून ओळखतो: दीड वर्षाच्या सुमारास दोन दाती आणि चार वर्षांच्या सुमारास सर्व दात जुळलेली. त्यानंतर हे दात झिजतात, त्यांच्यात फटी पडतात आणि एकेक करून ते पडू लागतात. परंतु पुढचे दात गेले म्हणून शेळी उपाशी राहत नाही, कारण ओठ आणि जीभ यांच्या साहाय्याने ती पाला ओरबाडू शकते. खरे दळण होते ते मागच्या चोवीस दाढांवर. वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर सारख्या झिजल्या नाहीत, एखादी दाढ हलू लागली किंवा पडली, की समोरची दाढ वाढते, तिची कडा धारदार होते आणि गालाला किंवा जिभेला जखम होते. अशी शेळी भुकेने गव्हाणीकडे येते, तोंड भरून घेते, पण वैरण बारीक होत नसल्याने ती गालात साठते आणि शेवटी गोळा करून खाली टाकली जाते. पाहणाऱ्याला ती भरपूर खात आहे असे वाटते. प्रत्यक्षात पोटात जाते ते थोडेच, आणि जे जाते तेही भरड असल्याने नीट पचत नाही. लेंड्या फोडून पाहिल्यास त्यांत काड्यांचे लांब तुकडे दिसतात.

दाढा तपासण्यासाठी तोंडात बोटे घालू नयेत, कारण दाढांच्या कडांनी बोट कापले जाते. जबड्याच्या दोन्ही बाजूंनी गालावरूनच हलक्या हाताने चाचपावे. एका बाजूला शेळी डोके झटकत असेल, तिथे फुगवटा लागत असेल किंवा तोंडाला दुर्गंधी येत असेल, तर तोंड उघडे ठेवण्याचे साधन आणि विजेरी असलेल्या पशुवैद्यकाकडूनच तपासणी करून घ्यावी. दाढेची वाढलेली कडा कानसता येते आणि पूर्ण हललेली दाढ काढता येते. कित्येक शेळ्या या एवढ्या उपचारानंतर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा भरू लागतात, हे मी पाहिले आहे.

दाढा उरल्याच नसतील, तर दाढांनी करायचे काम आपल्याला हातांनी करावे लागते. कडबा अख्खा न घालता त्याची सुमारे एक इंच लांबीची कुट्टी करावी. तूर, हरभरा किंवा सोयाबीनचे भुसकट पाण्याचा हबका मारून मऊ करावे. आणि हिरव्या वैरणीत काड्यांपेक्षा पाला अधिक द्यावा. लसूणघास, दशरथ घास, शेवरी, हादगा आणि शेवग्याचा पाला हे या वयात विशेष उपयोगी पडतात. सुबाभूळ अवश्य द्यावी, परंतु तिच्यात मायमोसिन हा विषारी घटक असल्याने हिरव्या वैरणीच्या एक तृतीयांशापेक्षा तिचे प्रमाण वाढू देऊ नये. सगळी वैरण पिठासारखी बारीक करण्याचा मोहही टाळावा, कारण थोडे तरी तंतुमय खाद्य पोटात गेल्याशिवाय रवंथ होत नाही आणि रवंथ थांबले की लाळ कमी होऊन पोट आंबट होते.

बत्तीस-पस्तीस किलो वजनाच्या, थोडे दूध देणाऱ्या शेळीला मी साधारणपणे असा खुराक सुचवतो: भरडलेला मका 120 ग्रॅम, गव्हाचा कोंडा 80 ग्रॅम, शेंगदाणा पेंड 80 ग्रॅम, त्यात 10 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 5 ग्रॅम मीठ. हे सर्व कोमट पाण्यात तासभर भिजवून दोन किंवा तीन वेळांत विभागून द्यावे. आज खुराक चालू नसेल तर एकदम पूर्ण प्रमाणावर जाऊ नये. 100 ग्रॅमपासून आरंभ करून दहा-पंधरा दिवसांत वाढवत न्यावे. भिजवलेले खाद्य रात्रभर ठेवले तर आंबते, म्हणून उरलेले त्याच दिवशी काढून टाकावे. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती देऊच नये, कारण बुरशीचे विष यकृताला इजा करते आणि त्याचा अंश दुधातही उतरतो. दुबळी शेळी पाहून घरातील मंडळी मायेने शिळ्या पोळ्या, भात किंवा भिजवलेले गहू तिच्यापुढे ठेवतात. यातून होणारे आम्लधर्मी अपचन वयस्क शेळीला एका रात्रीत संपवू शकते, म्हणून याबाबत घरातील सर्वांना, विशेषतः मुलांना आणि वडीलधाऱ्यांना, स्पष्ट कल्पना द्यावी.

खुराक तिला मिळतो, की तिच्या पुढ्यातील खुराक दुसऱ्याच शेळ्या संपवतात, हेही उभे राहून पाहावे. कळपात मान ठरलेला असतो, आणि शिंगांच्या जोरावर मिळवलेली गव्हाणीवरची जागा शेळीची ताकद घटली की हातातून जाते. तिला खाण्याच्या वेळी वेगळे बांधावे, पण इतर शेळ्या दिसतील अशा जागी. एकटी पडलेली शेळी ओरडत राहते आणि खाणे सोडते. थंडीत पिण्याचे पाणी कोमट करून दिले तर ती अधिक पाणी पिते. झिजलेल्या दातांना गार पाणी झोंबते, त्यामुळे ही साधी गोष्ट फार उपयोगाची ठरते.

आता जंतांविषयी. पावसाळ्यापासून ती वाळू लागली, हे आपण लिहिले आहे आणि ते महत्त्वाचे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात शेळ्यांच्या चौथ्या पोटात रक्त शोषणारा गोल जंत सर्वाधिक हानी करतो. उतारवयात प्रतिकारशक्ती उतरल्याने जो भार तरुण शेळी सहज पेलते, त्यानेच म्हातारी शेळी खचते. खालची पापणी हलकेच ओढून आतील रंग दिवसाच्या उजेडात पाहावा: लाल किंवा गडद गुलाबी असेल तर चिंता नाही, फिकट किंवा पांढरट असेल, अथवा जबड्याखाली पाणी उतरून मऊ सूज आली असेल, तर रक्त कमी झाले आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ही तपासणी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि इतर वेळी महिन्यातून एकदा करावी.

जंतनाशक मात्र दर तीन महिन्यांनी डोळे मिटून पाजण्याची पद्धत सोडावी, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे औषधाला न जुमानणारे जंतच शिल्लक राहतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. ताज्या लेंड्यांचा नमुना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावा, औषध द्यायचे ठरल्यास शेळीचे वजन करूनच मात्रा घ्यावी आणि ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. शेळीच्या शरीरातून काही जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडतात, त्यामुळे मेंढीची मात्रा शेळीला अपुरी ठरते. औषध दिल्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी लेंड्या पुन्हा तपासल्या तरच ते लागू पडले की नाही, हे कळते.

दाढा ठीक निघाल्या, जंतही नाहीत, खाणे चांगले आहे आणि तरीही मांस झडतच आहे, अशी स्थिती असेल, तर जोन्स रोगाचा, म्हणजे आतड्यांना जडणाऱ्या दीर्घकालीन जंतुसंसर्गाचा, विचार करावा लागतो. गाईंमध्ये या रोगात पातळ हगवण लागते, पण शेळीमध्ये बरेचदा लेंड्या शेवटपर्यंत घट्ट राहतात आणि केवळ वाळणे हेच लक्षण दिसते, त्यामुळे तो नजरेतून निसटतो. लहानपणी झालेला संसर्ग काही वर्षांनी डोके वर काढतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही आणि लेंड्यांतून जंतू पसरत असल्याने लहान करडांना सर्वाधिक धोका असतो. रक्ताची आणि लेंड्यांची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यामार्फत पुण्यात औंध येथील पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पाठवता येते. अहवाल येईपर्यंत करडांना तिच्या गव्हाणीपासून आणि पाण्याच्या भांड्यापासून दूर ठेवावे. एक साधा उपाय या सर्व काळात करत राहावा: दर महिन्याला तिचे वजन करावे आणि कमरेच्या मणक्यावर व छातीच्या हाडावर हात फिरवून मांस किती आहे ते चाचपावे. पोट मोठे असलेली शेळी डोळ्यांना भरलेली दिसते, हात मात्र फसत नाही.

सकाळी पाय अवघडणे हे बहुधा सांध्यांच्या झिजेचे लक्षण आहे, तथापि आधी खूर पाहावेत. बांधून पाळलेल्या शेळीचे खूर झिजत नाहीत. ते वाढून आत वळतात, त्यांच्या पोकळीत शेण आणि ओल अडकते आणि पावलाचा कोन बिघडल्याने साऱ्या पायावर ताण येतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापावेत. वाढलेली कड धारदार कात्रीने थोडी-थोडी कापत जावी आणि आतील भाग गुलाबी दिसू लागताच थांबावे, कारण त्यापुढे रक्त येते. वर्षानुवर्षे वाढलेले खूर एकाच बैठकीत सरळ करण्याचा प्रयत्न न करता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने आकार द्यावा. म्हाताऱ्या शेळीला तीन पायांवर फार वेळ उभे राहणे जमत नाही, म्हणून तिला भिंतीचा आधार द्यावा आणि एका दिवशी दोनच पाय केले तरी चालतील.

खूर ठीक केल्यावरही ती गुडघे टेकून चरत असेल, जास्त वेळ बसून राहत असेल, दात खात असेल किंवा गुडघ्यांचा सांधा फुगलेला असेल, तर तिला वेदना आहेत असे समजावे. शेळी वेदना लपवते आणि अगदी असह्य झाल्याशिवाय ओरडत नाही. बसायला कोरडी, मऊ जागा हा पहिला उपचार आहे. मुरमाची जमीन असेल तर तिच्यावर वाळलेल्या गवताचा किंवा भुसकटाचा जाड थर द्यावा आणि तो ओला होताच बदलावा. थंडीत रात्री अंगावर गोणपाट बांधावे आणि वाऱ्याच्या बाजूला पडदा लावावा. फळ्यांच्या उंच माचावर तिला चढायला लावू नये, माच असलाच तर बेताच्या उताराची पायवाट करावी. गव्हाण तिच्या छातीच्या उंचीला आणली तर मान आणि पुढचे पाय वाकवावे लागत नाहीत. याउपर वेदनाशामक औषध लागले, तर ते डॉक्टर देतील तेच आणि तेवढेच दिवस द्यावे. माणसांच्या औषधांच्या दुकानातील डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणून टोचणे बेकायदेशीर आहे. जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे आणि 2023 मध्ये किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. ही औषधे अंगात असताना जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. नाशिक जिल्ह्यात अंजनेरीच्या परिसरात आजही गिधाडे आहेत, तेव्हा हा विषय आपल्यासाठी दूरचा नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधानंतरही ते सांगतील तितके दिवस दूध घरात वापरू नये.

बोकड दाखवण्याविषयी माझे उत्तर निःसंदिग्ध नकाराचे आहे. शेळीचा गाभणकाळ सुमारे दीडशे दिवसांचा असतो आणि पोटातील पिलांची बहुतेक वाढ शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत होते. या काळात तिला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक पोषण लागते, पण पिलांनी जागा व्यापल्याने पोटात वैरण मावत नाही. ज्या शेळीच्या दाढा निकामी आहेत आणि अंगावर साठा नाही, तिला जुळी राहिली तर शरीरातील चरबी भराभर वितळून रक्तात विषारी घटक साठतात. शेळी खाणे सोडते, एका जागी डोके टेकून उभी राहते, नंतर आडवी पडते आणि उपचार करूनही अनेकदा वाचत नाही. कळपात बोकड असेल तर नुसते ‘दाखवायचा नाही’ असे ठरवून भागत नाही, कारण ती दर अठरा ते एकवीस दिवसांनी माजावर येत राहील. त्या दिवसांत तिला चरायला न सोडता घरी ठेवावे.

याच संदर्भात एक बाब लक्षात ठेवावी. वयस्क शेळी माजावर येणे अचानक थांबले आणि पोट वाढू लागले, तर ती गाभणच आहे असे गृहीत धरू नये. गर्भाशयात केवळ पाणी साठून खोटी गर्भधारणा होण्याचा प्रकार वयस्क शेळ्यांत अधिक आढळतो. सोनोग्राफीत हे लगेच कळते आणि त्यावर औषधोपचार आहे.

पुन्हा न विता दूध मिळू शकते का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. नियमित धार काढत राहिल्यास काही शेळ्या एका वेतावर दीड-दोन वर्षेही थोडे-थोडे दूध देत राहतात, आणि आपली शेळी दहाव्या महिन्यात अर्धा लिटर देते आहे म्हणजे तिच्यात ही क्षमता असावी. परंतु दुधाचा प्रत्येक पेला तिच्या हाडामांसातून येतो. म्हणून माझा सल्ला असा की तूर्त दोनऐवजी एकच वेळ धार काढावी, आणि महिन्याभराच्या खुराकानंतरही वजन वाढत नसेल तर तिला आटवावे. आटवताना खुराक काही दिवस निम्म्यावर आणावा, धार एक दिवसाआड करावी आणि दूध पुरेसे घटले की थांबवावी. पाणी मात्र कधीही तोडू नये. धार थांबल्यावर कास थोडी ताठ राहते व नंतर उतरते. ती गरम, दुखरी आणि एका बाजूने कडक झाली तर तो काससुजीचा आरंभ असतो. आणि कास गार पडून निळसर दिसू लागली तर तासाचाही विलंब न करता डॉक्टरांना बोलवावे. आटवण्याच्या वेळी सडात सोडायचे औषध गरजेचे आहे का, हे त्यांनाच ठरवू द्यावे. काससूज ओळखण्यासाठी गोठ्यावरच दुधात द्रावण मिसळून करायच्या चाचणीविषयी एक इशारा: शेळीच्या दुधात मुळातच पेशींचे प्रमाण गाईच्या दुधापेक्षा अधिक असते आणि वेताच्या उत्तरार्धात ते आणखी वाढते, त्यामुळे चाचणीत दूध किंचित घट्ट झाले म्हणून लगेच प्रतिजैविके सुरू करू नयेत. दोन्ही सडांतील फरक पाहावा.

दूध उकळूनच प्यावे. डेंग्यूच्या दिवसांत शेळीचे कच्चे दूध मागायला लोक दारात येतात. त्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला आधार नाही. ब्रुसेल्ला या जंतूचा संसर्ग मात्र कच्च्या दुधातून माणसाला होतो आणि महिनोन्‌महिने ताप व सांधेदुखी मागे लावतो. मागणाऱ्याला वाईट वाटले तरी कच्चे दूध देऊ नये.

लसीकरण वय झाले म्हणून थांबवू नये. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी दरवर्षी आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस तीन वर्षांतून एकदा द्यावी; लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाचे वेळापत्रक दवाखान्यातून घ्यावे. शेळी अत्यंत अशक्त असेल तर आधी अंगात थोडा जोम आणावा, मग लस टोचावी.

निरोगी शेळीचे तापमान 102 ते 103 अंश फॅरेनहाइटच्या आसपास असते. तरुण शेळीत जंतुसंसर्ग झाला की ताप चढतो. म्हाताऱ्या आणि खचलेल्या शेळीत मात्र तापमान 100 अंशांखाली गेलेले आढळले तर ते चढलेल्या तापापेक्षाही अधिक चिंतेचे समजावे, तिला लगेच ऊब द्यावी आणि डॉक्टरांना बोलवावे. दिवसभर रवंथ नसणे, लेंड्या बंद होणे आणि उठवूनही न उठणे हीही तशीच लक्षणे आहेत. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

शेवटी, जो विषय आपण प्रश्नात काढलेला नाही पण जो कधीतरी समोर येईल, तो आताच बोलून ठेवतो. स्वतःहून उठता न येणे, आवडता पालाही नाकारणे आणि औषधानेही न शमणाऱ्या वेदना अशी अवस्था आली, तर पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण देणे हा तिच्यावरचा अन्याय नाही, आणि कुटुंबाने तो निर्णय एकत्र बसून घ्यावा. तशा स्थितीत तिला टेम्पोत घालून बाजारात नेण्याने तिचे हाल वाढतात, शिवाय उपचार चालू असलेल्या जनावराचे मांस कोणाच्या ताटात जाणे योग्य नाही. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी शक्य असल्यास शवविच्छेदन करून घ्यावे, विशेषतः वाळण्याचे कारण शेवटपर्यंत उमगले नसेल तर, कारण आतड्यांत जोन्स रोगाच्या खुणा सापडल्या तर उरलेल्या शेळ्यांची तपासणी लगेच सुरू करता येते. शव उघड्यावर टाकू नये. विहीर आणि ओढ्यापासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात, वर-खाली चुना पसरून पुरावे, आणि ती बसत असे त्या जागेची वरची माती व जुना अंथर काढून तिथेही चुना टाकून ती जागा काही आठवडे मोकळी ठेवावी.